रात्रभराच्या मोफत कला महोत्सवात मांडणशिल्प लावतोय, जाणकारांनी कृपया सांगा

कंदील

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तो लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या शहराच्या मध्यवस्तीत वर्षातून एक रात्र समकालीन कलेचा महोत्सव भरतो. संध्याकाळी ७ ते सकाळी ७, सगळं रस्त्यावर, सगळं मोफत. यंदा आमच्या गटाचा प्रस्ताव निवडला गेलाय. गटात कला शिकलेली मी एकटीच, तीही कापडावरच्या छपाईतली. बाकी एक नर्स, एक बसचालक, दोन शिक्षक आणि इस्पितळात साफसफाईचं काम करणाऱ्या दोन बायका.

कल्पना अशी: रात्रपाळी करणाऱ्या माणसांचे आवाज आम्ही रेकॉर्ड केलेत. नर्स, पहारेकरी, भट्टीवरचे कामगार, रस्ते झाडणारे. रात्री दोन वाजता काय ऐकू येतं, झोप कशी आवरतात, घरी पोचल्यावर दाराची कडी कशी हळू काढतात, असं सगळं. दोन इमारतींमधल्या बोळात पांढऱ्या चादरी आडव्या टांगायच्या, त्यांवर प्रोजेक्टरने त्यांच्या फक्त हातांचे व्हिडिओ पाडायचे आणि स्पीकरवर आवाज. बोळ ४ मीटर रुंद, साधारण ३० मीटर लांब. तारीख दोन महिन्यांवर आली आहे.

विचारायचंय ते असं. रस्त्यावरच्या दिव्यांत व्हिडिओ दिसेल का? वारा आला तर? माणसं थांबून ऐकतील का? आणि खरंच सकाळपर्यंत चालू ठेवायचं की मध्यरात्रीनंतर आवरायचं? गटातले निम्मे लोक म्हणतात की बारानंतर कोण येणार.

पायी_पायी

मी फक्त बघायला जाणाऱ्यांतला, त्यामुळे तांत्रिक काही सांगू शकत नाही. प्रेक्षक म्हणून एकच विनंती. कलाकृतीशेजारी जो माहितीचा फलक लावता, तो चार ओळींत संपवा आणि अक्षरं मोठी घ्या. अंधारात, मागून गर्दी ढकलत असताना कुणी परिच्छेद वाचत नाही. आणि फलकावर उजेड पडेल एवढं बघा, बऱ्याच ठिकाणी तोच अंधारात असतो.

बाकी बारानंतर लोक येतात. मी स्वतः तेव्हाच निघतो.

पडद्यामागची

कंदील, आधी मनापासून अभिनंदन. जी माणसं रोज रात्री जागी असतात त्यांचं काम, वर्षातून एकदाच जाग्या राहणाऱ्या गर्दीपुढे मांडायचं, याहून चांगला विषय अशा रात्रीला मिळणार नाही. वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय.

मी नाटकाच्या प्रकाशयोजनेतून आले आणि आता बरीच वर्षं अशा रात्रींच्या उभारणीचं काम करते. कलाकार नाही; शिडीवर चढणारी, लोड मोजणारी. त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देते.

पहिली गोष्ट प्रेक्षकाची. नाटकाला आलेला माणूस तिकीट काढून, ठरलेल्या खुर्चीत, तुमच्याकडे तोंड करून बसलेला असतो. पडदा उघडायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं. इथे समोरचा माणूस चालता आहे. मित्राशी बोलतोय, मूल खांद्यावर आहे, पुढचं काहीतरी बघायचंय. त्याने पैसे मोजलेले नाहीत, म्हणून थांबायचं बंधनही नाही. मला हे फार आवडतं. गॅलरीच्या काचेच्या दारापुढे बिचकून उभा राहणारा माणूस इथे सहज आत शिरतो, कारण आत आणि बाहेर असं काही नसतंच. पण त्यामुळे कलाकृतीवर एक जबाबदारी येते: दहा सेकंद बघणाऱ्यालाही काहीतरी मिळालं पाहिजे आणि दहा मिनिटं थांबणाऱ्यालाही. तुमच्या बाबतीत दहा सेकंदांचं काम हात करतील आणि दहा मिनिटांचं आवाज. म्हणून हात मोठे दिसू द्या. फरशी पुसणारा हात माणसाएवढा झाला की चालणारा थबकतोच.

‘एका वेळी एकानेच आत यायचं’ अशी मांडणी मात्र करू नका. हिशेब करून बघा. एका माणसाला दोन मिनिटं धरली तर तासाला ३०, बारा तासांत ३६०. मध्यवस्तीत त्या रात्री हजारो लोक फिरत असतात, म्हणजे उरलेल्यांना तुमची रांग तेवढी दिसणार. कॅनडातल्या टोरांटोच्या पहिल्या न्वी ब्लांशला (असाच रात्रभराचा कला महोत्सव), २००६ साली, जपानी कलाकार फुजिको नाकाया यांनी विद्यापीठाजवळच्या फिलॉसॉफर्स वॉक नावाच्या पायवाटेवर धुकं सोडलं होतं. १९७० च्या ओसाका प्रदर्शनापासून त्या धुक्याची शिल्पं करत आल्या आहेत. पाणी बारीक नोझलमधून दाबाने सोडायचं, बस. त्याला ना दार, ना रांग, ना समजावून सांगायची गरज. चालत जायचं, भिजट गारवा लागतो, पुढचा माणूस दिसेनासा होतो. रस्त्यावरच्या कलाकृतीत किती लोक एकदम मावू शकतात याचा मला माहीत असलेला हा सगळ्यात सुंदर दाखला. वाऱ्याशीसुद्धा भांडण नाही, वारा येईल तसं धुकं आकार बदलतं.

आता तुमचा वारा. चादरी बोळात आडव्या टांगायचा बेत कृपया बदला. उंच इमारतींमधल्या बोळात वारा चेपला जातो आणि जोर धरतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा, म्हणजे काही वादळ नव्हे, दर चौरस मीटरला साधारण ६ किलोचा रेटा देतो. तुमच्या बोळाच्या रुंदीची, समजा ३ बाय ४ मीटरची एक चादर म्हणजे १२ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ७५ किलो. एक मोठा माणूस दोरीला लोंबकळल्यासारखं. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. कपड्याच्या दोरीला चिमटे लावून हे थांबत नाही.

उपाय सोपा आहे आणि मला वाटतं त्याने कलाकृतीही उजळेल. चादरींच्या उभ्या पट्ट्या करा, ३० ते ४० सेंटिमीटर रुंदीच्या, खाली हलकं वजन शिवून. पट्ट्यांमधून वारा निघून जातो, माणसंही निघून जातात. फटींमधून सुटलेला उजेड धरायला हातभर मागे दुसरा थर लावा, पट्ट्या पहिल्या थराच्या फटींसमोर येतील अशा. समोरून चित्र सलग दिसतं आणि कुणी मधून चाललं की हात त्याच्या अंगावर पडतात. कुणा अनोळखी नर्सचा हात आपल्या खांद्यावर क्षणभर येऊन जातो, याहून जास्त काय सांगायचं असतं?

कापड ज्वालारोधक प्रक्रिया केलेलंच घ्या आणि त्याचा कागद जवळ ठेवा, अग्निशमनवाले तो मागतात. साधी सुती चादर बोळात चालणार नाही. इमारतींची मागची दारं या बोळात उघडत असतील तर ती पूर्ण मोकळी हवीत. आजच जाऊन दारं मोजून या.

उजेडाचं गणित. प्रोजेक्टरच्या लुमेनला, म्हणजे त्याच्या एकूण उजेडाला, पडद्याच्या क्षेत्रफळाने भागलं की लक्स, म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा उजेड, मिळतात. ४००० लुमेनचा प्रोजेक्टर १२ चौरस मीटरवर टाकला तर ३३३ लक्स. तोच ६० चौरस मीटरच्या भिंतीवर टाकला तर ६७. रस्त्याच्या दिव्यांचा उजेड जमिनीवर साधारण १० ते २० लक्स असतो, दुकानांच्या काचांजवळ कितीतरी जास्त. म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांवर तुमचे हात स्पष्ट दिसतील, फक्त मोह आवरून चित्र लहान ठेवा. विटांच्या भिंतीवर टाकू नका, वीट उजेड पिऊन टाकते. फोनवर लक्स मोजायचं ॲप असतं, ते घेऊन रात्री दहा वाजता बोळात उभ्या राहा. जिथे आकडा चढतो तिथे वर बघा, कुठला तरी दिवा असेल. तो झाकायची परवानगी आत्ता मागा, आदल्या दिवशी मागून मिळत नाही.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. पहाटे तापमान सगळ्यात खाली येतं आणि दव पडतं. तीन-साडेतीनच्या सुमाराला चित्र धुरकट झालं की लोक प्रोजेक्टर बिघडला म्हणून खटपट सुरू करतात. थंड काचेवर दव बसलेलं असतं, बाकी काही नाही. वर छत, बाजूने खोका, मागे हवा जायला जागा, आणि जवळ कोरडं मऊ फडकं. एकदा चालू केलेला प्रोजेक्टर मध्ये बंद करू नका, त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडं ठेवते.

वीज: दोन प्रोजेक्टर ७०० वॉट, ॲम्प्लिफायर २००, दिवे ४०० धरले तर १३००. जिथे २३० व्होल्ट आहेत तिथे १५ अँपिअरच्या लाइनवर ३४५० वॉट मिळतात, जिथे १२० आहेत तिथे १८००. बारा तास सलग चालवायचं तर त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच जा. तुमचं भागतं. पण त्याच लाइनवर कुणी पाण्याची इलेक्ट्रिक किटली लावली की ती एकटीच दीड-दोन हजार वॉट खेचते आणि सगळा बोळ अंधारात. बोर्डावर चिकटपट्टी लावून लिहा: ‘इथे दुसरं काही लावू नये’. जनरेटर शक्यतो नकोच, तुमचे आवाज त्याच्या घरघरीत बुडतील.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. कलाकृतीजवळ रात्रभर माणूस उभा हवा. राखणीला नव्हे, बोलायला. एका वर्षी आमच्या मांडणीच्या बाजूला एका कार्यालयाची इमारत होती. तिथला पहारेकरी संध्याकाळी दारात उभा राहून लांबून बघत होता. नऊच्या सुमाराला त्याने येऊन विचारलं, हे काय आहे? आमच्यातल्या मुलीने नीट सांगितलं. मग तो प्रत्येक सुट्टीत बाहेर येऊन उभा राहायला लागला आणि लोकांना सांगायला लागला. ‘हे इथून बघू नका, इकडे या, वाकून बघा, आता सावली सरकेल.’ आमच्यापैकी कुणालाही जमलं नव्हतं असं तो सांगत होता, कारण त्याने ती चीज तासन् तास पाहिली होती आणि कलेची भाषा त्याला अडवत नव्हती. मध्यरात्रीपर्यंत लोक त्याच्याभोवती गोळा होत होते. त्या कामाचं छायाचित्र छान आलं, कौतुकही झालं, पण माझ्या लेखी त्या रात्रीचा महोत्सव तो माणूस होता.

तुमच्याकडे तर आवाज देणारी माणसं गटातच आहेत. इस्पितळात साफसफाई करणाऱ्या त्या दोघींनी तासभर का होईना बोळात उभं राहावं. भाषण नको. कुणी विचारलं तर ‘हा माझा हात’ एवढं म्हणाल्या तरी पुरे.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येतं. ७ ते १० घरची मंडळी, मुलं, आजी-आजोबा. १० ते १ खच्चून गर्दी, धड काही ऐकू येत नाही. १ ते ४ तरुण पोरं, थोडा दंगा, थोडी प्यायलेली मंडळी. या वेळी दोघंजण ठेवा, एकटी बाई नको. आणि ४ ते ७ ची वेळ म्हणजे मोजकी माणसं, खरोखर थांबणारी. बारा वाजता आवरलंत तर ज्यांचे आवाज आहेत त्यांनाच ते बघता येणार नाही. त्यांची पाळी सुटते पहाटे. त्यांच्या घरी जायच्या वाटेवर ते चालू असलं पाहिजे.

सगळ्या महोत्सवांना हे तास मानवत नाहीत, तेही खरं. कॅनडातल्याच हॅलिफॅक्सचा नॉक्टर्न हा कला महोत्सव २००८ पासून संध्याकाळी सहा ते मध्यरात्र एवढाच भरतो आणि तोही मोफत, तोही गावाचा लाडका. पण तुम्हाला पूर्ण रात्र मिळाली आहे आणि विषय रात्रपाळीचा आहे.

दोन गोष्टी पटकन. आवाज देणाऱ्यांना अंतिम रेकॉर्डिंग ऐकवा आणि मग लेखी संमती घ्या. कामाच्या जागेचं नाव, वरिष्ठांबद्दलची तक्रार, असं काही त्यात असेल तर त्यांची नोकरी जाऊ शकते, हे त्यांना आधी सांगा. आणि त्यांना मानधन द्या. प्रेक्षकांना मोफत म्हणजे राबणाऱ्यांचं फुकट असं होता कामा नये. रक्कम लहान असली तरी चालेल, पण द्या.

चौथा_मजला

मी अशाच एका मध्यवस्तीत राहतो, नावावरून कळलंच असेल कुठल्या मजल्यावर. कंदील यांच्या कामाला माझा विरोध नाही, उलट वाचून बरं वाटलं. पण मला खरंच एक शंका आहे. एका रात्रीसाठी रस्ते बंद, पोलीस, दिवे, एवढा सार्वजनिक पैसा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद-बाटल्या. वर्षाचे उरलेले दिवस त्याच शहरात चित्रकाराला परवडेल अशी खोली मिळत नाही. मोठ्या चौकात एखादी चमकदार वस्तू ठेवायची, लोकांनी फोटो काढायचे, प्रायोजकाचं नाव झळकायचं. यात समाजाचं काय आहे? आणि आवाजाचंही बघा. रात्री दोनला खिडकीखाली ढोल वाजत असेल तर आजारी माणसाने काय करायचं?

पडद्यामागची

चौथा मजला, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि या कामात असलेल्या प्रत्येकाने ते ऐकलं पाहिजे. आवाजाबद्दल तर शंभर टक्के. तिथे राहणाऱ्यांना पत्रक, फोन नंबर, आणि तो नंबर रात्री उचलणारा माणूस, एवढं आयोजकांनी दिलंच पाहिजे.

पैशाचं सांगते. टोरांटोला सुरुवातीची दहा वर्षं, २००६ ते २०१५, महोत्सवाच्या नावातच एका बँकेचं नाव होतं. बँक बाहेर पडली आणि महोत्सव थांबला नाही. २०१८ मध्ये तो मध्यवस्तीच्या पलीकडे, शहराच्या पूर्वेकडच्या स्कारबरोपर्यंतही गेला, जिथे स्थलांतरित कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. मला ते पाऊल फार मोलाचं वाटतं, कारण मध्यवस्तीपर्यंत यायला ज्यांना दोन बस बदलाव्या लागतात त्यांच्या दारात तो गेला.

मोठ्या चौकातल्या चमकदार वस्तूंबद्दल. असतात तशाही, नाही म्हणत नाही. पण २०१३ साली टोरांटोच्या सिटी हॉलसमोर चिनी कलाकार आय वेवे यांच्या ३१४४ सायकली एकमेकींवर रचल्या होत्या. लोकांनी फोटो काढले, भरपूर काढले. पण आय वेवे स्वतः तिथे नव्हते, चीन सरकारने त्यांचा पासपोर्ट अडकवून ठेवला होता, तो त्यांना २०१५ मध्ये परत मिळाला. सायकली आल्या आणि माणूस येऊ शकला नाही. हे सांगणारा कुणी शेजारी उभा असेल तर त्याच फोटोचा अर्थ बदलतो. म्हणून मी वर माणसाचा एवढा आग्रह धरला.

एका रात्रीनंतर काय उरतं, तर कधीकधी बरंच. फ्रान्समधल्या नाँत शहरात १९९० ते १९९५ या काळात ‘लेझाल्युमे’ नावाचा उपक्रम झाला. सलग सहा रात्री, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, दर वर्षी एक परदेशी शहर केंद्रस्थानी. पहिल्या वर्षी बार्सिलोना. कारखाने बंद पडत चाललेलं बंदराचं शहर ते. हे घडवणाऱ्या जाँ ब्लेझ यांनीच पुढे तिथल्या बिस्किटांच्या जुन्या कारखान्यात ‘ल ल्यू युनिक’ हे कलाकेंद्र उभं केलं. २००० साली उघडलेलं ते केंद्र आजही बारमाही चालतं. आणि २००२ मध्ये पॅरिसने आपली पहिली न्वी ब्लांश केली तेव्हाही त्यांनाच बोलावलं. त्या पहिल्याच रात्री सिटी हॉलचे दरवाजे सगळ्यांसाठी उघडले होते आणि महापौर बेरत्राँ दलानोए यांच्यावर आत चाकूहल्ला झाला. ते वाचले. दुसऱ्या वर्षी महोत्सव पुन्हा भरला. दारं कायमची बंद करायला यापेक्षा मोठं कारण लागत नाही, तरी ती बंद केली नाहीत. मला त्या निर्णयाचा आदर वाटतो.

मात्र परवडणाऱ्या खोलीचं तुमचं म्हणणं तसंच उरतं. एका रात्रीने तो प्रश्न सुटत नाही. तो मुद्दा महोत्सवाच्या आढावा बैठकीत जाऊन मांडा, बहुतेक ठिकाणी अशी बैठक असते आणि तिथे रहिवासी येतच नाहीत.

सावकाश

माझी बहीण चाकाच्या खुर्चीत असते. आम्ही दोघी अशा रात्रींना हौसेने जातो आणि अर्ध्या वाटेत अडकतो. वायरींवर जे रबरी उंचवटे टाकतात त्यांवरून खुर्ची पुढे जात नाही, कुणीतरी उचलावी लागते, आणि अनोळखी माणसांनी उचललेलं तिला आवडत नाही. बोळात वायरी कशा नेणार? आणि पट्ट्या तिच्या चाकांत अडकतील का?

कंदील

सगळ्यांचे मनापासून आभार. पडद्यामागची ताई, तुमचं उत्तर छापून गटात वाटलं. पट्ट्यांची कल्पना सगळ्यांना फारच आवडली, आजच कापड मोजायला घेतलं. साफसफाईचं काम करणाऱ्यांपैकी एक जण म्हणाली की मी पाळीवरून थेट गणवेशातच येईन.

पण आजच आयोजकांचा निरोप आलाय. बोळावर घरं आहेत म्हणून रात्री ११ नंतर स्पीकर बंद ठेवायचे. चौथा मजला यांचं वाचल्यावर मला त्यांच्यावर रागही धरता येत नाही. पण आवाज गेला तर आमच्याकडे उरतं काय? आणि सावकाश, तुमच्या बहिणीसाठी काय करता येईल तेही हवंय, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

पडद्यामागची

सावकाश, बरं झालं विचारलंत, हे आत्ता ठरलं तर फुकटात होतं. कंदील, वायरी जमिनीवरून आणूच नका. बोळाच्या दोन्ही भिंतींना धरून वरून न्या, माणसाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर. पट्ट्यांची खालची कड जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर वर राहू द्या, म्हणजे पुढच्या लहान चाकांत जाणार नाही. आणि पट्ट्या भिंतीपासून भिंतीपर्यंत लावू नका. एका बाजूने दीड मीटरची वाट पूर्ण मोकळी सोडा. ४ मीटरच्या बोळात अडीच मीटर चित्राला उरतात, ते भरपूर झाले. दीड मीटरमध्ये खुर्ची जागच्या जागी वळते, बाबागाडीही जाते, आणि रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर आणायची वेळ आली तर तेही. ज्यांना पट्ट्या अंगाला लागलेल्या नको असतात त्यांनाही हीच वाट. फलकावर लिहा की वाट आहे.

आता आवाज. मी तर म्हणेन की ११ च्या आधीही मोठे स्पीकर नकोत. गर्दीचा गोंगाट ७० डेसिबलच्या वर जातो, साधं बोलणं मीटरभर अंतरावर ६० च्या आसपास असतं. गर्दीवर मात करायला आवाज वाढवला की पुटपुटणाऱ्या माणसाचं बोलणं घोषणेसारखं वाटायला लागतं. तुमच्या माणसांनी हळू सांगितलंय, ते हळूच ऐकू आलं पाहिजे.

मोकळी वाट ज्या भिंतीला लागून आहे तिच्यावर टेलिफोनचे जुने रिसीव्हर टांगा. सहा-सात पुरेत. प्रत्येकात एक छोटा प्लेअर, एका माणसाचं दीड-दोन मिनिटांचं बोलणं, संपलं की पुन्हा सुरू. ज्याला ऐकायचंय तो उचलून कानाला लावतो. बाहेर काहीही ऐकू येत नाही, चौथ्या मजल्यावर झोपलेल्या माणसालाही नाही. आणि एका कानात कुणीतरी पहाटे दोनबद्दल कुजबुजतंय, समोर त्याचे हात काम करताहेत, हे स्पीकरपेक्षा कितीतरी जवळचं होईल. रिसीव्हर अर्धे दीड मीटरवर लावा, अर्धे १ मीटरवर, म्हणजे खुर्चीतल्या माणसाला आणि मुलांना वर हात करावा लागणार नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तेच बोलणं मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक रिसीव्हरच्या शेजारी लावा, त्यावर छोटा दिवा. तुमच्या विषयाला नाहीतरी इस्पितळ, पहारा, भट्टी यांचा संबंध, रात्रीचा फोन म्हटलं की त्यांतल्या प्रत्येकाच्या मनात काही ना काही आहे.

खरेदीचं. जुन्या सामानाच्या बाजारात रिसीव्हर मिळतात, चालू नसले तरी हरकत नाही, आतला छोटा स्पीकर बदलता येतो. वायर मात्र सार्वजनिक फोनला असते तशी स्टीलच्या वेष्टणाची घ्या, गुंडाळीची वायर रात्री दोनच्या आत ओढून तुटते. वायर भिंतीला फळीतून आरपार बोल्टने बांधा, नुसता स्क्रू उपटून येतो. दोन रिसीव्हर जास्तीचे तयार ठेवा. शेजारी कोरड्या पुसण्या आणि जंतुनाशकाची बाटली, आणि उभ्या राहणाऱ्याने दर अर्ध्या तासाने सगळे पुसून, प्रत्येक कानाला लावून बघायचे. ते त्याचं कामच ठेवा, म्हणजे बंद पडलेला लगेच कळतो.

राहता राहिलं सकाळचं. ७ ला रस्ता वाहनांना खुला होतो आणि आयोजक घाई करतात. रात्रभर जागलेल्या माणसाला शिडीवर चढवू नका, कितीही म्हणाला तरी. सोडवायला वेगळी, झोपून आलेली तिघं-चौघं माणसं पहाटे ६ ला बोलवा. बसचालक आणि शिक्षक मंडळी तेव्हा कामावर जाणार असतील तर आत्ताच दुसरी नावं लिहून घ्या. क्रम ठरवून ठेवा: आधी वीज बंद, मग रिसीव्हर, मग प्रोजेक्टर खोक्यात, पट्ट्या सगळ्यात शेवटी, त्या दवाने ओल्या असतील. ओल्या तशाच घडी घालून ठेवल्या तर डाग पडतील आणि ज्वालारोधक प्रक्रियेचीही वाट लागेल. कुणाच्या तरी गच्चीवर दोरी बांधून ठेवा, घरी नेल्या नेल्या वाळत घाला.

बोळात रात्री दहाला लक्स मोजून झाले की आकडे इथे टाका, प्रोजेक्टर कुठे ठेवायचा ते मी काढून देते.